वाळवंटात खजुराची बाग : कोचेला खोऱ्यातील आरंभीचा काळ

उपवासाच्या फराळात, रमजानच्या इफ्तारीत, बाळंतिणीच्या खुराकात आणि थंडीच्या दिवसांतील लाडवांत खजूर व खारीक यांना महाराष्ट्रात जुने स्थान आहे. तथापि हे फळ आवडीने खाणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्याची बाग पाहिली असेल. इराक, इराण, अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेतील मरुद्याने हे खजुराचे माहेर होय. तेथील शेतकऱ्यांनी हजारो वर्षे हे झाड सांभाळले, त्याच्या शेकडो जाती निवडल्या आणि त्याच्या मशागतीचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या जतन केले. असे जुने पीक सर्वस्वी नव्या प्रदेशात नेऊन त्याचा किफायतशीर धंदा उभारणे ही गोष्ट सोपी नव्हे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या कोचेला खोऱ्यात ती साधारणतः १९०० ते १९४० या चाळीस वर्षांत घडून आली.

त्या खोऱ्यात ऊन भरपूर होते, जमीन पडून होती आणि जमिनीखाली पाणीही होते. नव्हते ते खात्रीचे रोप. ते मिळविणे, तपासणे, वाढविणे आणि कीडरोगांपासून निर्मळ राखणे, यांतच त्या चाळीस वर्षांतील बहुतेक श्रम खर्ची पडले. फळबागेत रोपाची निवड चुकली तर ती चूक शेतकऱ्याला एका हंगामाने नव्हे, आठ-दहा वर्षांनी कळते. म्हणून ही हकीकत केवळ खजुराचीच नव्हे, तर कोणतेही नवे फळझाड लावू इच्छिणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याच्या उपयोगाची आहे.

खोऱ्याचे स्वरूप

कोचेला खोरे दक्षिण कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिस शहराच्या पूर्वेस आहे. पश्चिमेकडील उंच पर्वत समुद्राकडून येणारी आर्द्र हवा अडवून धरतात, त्यामुळे खोऱ्यात वर्षाकाठी सरासरी तीन इंचांच्या आसपासच पाऊस पडतो. उन्हाळ्यात तापमान ११० अंश फॅरनहाइटच्या वर, म्हणजे ४३ अंश सेल्सियसच्याही पलीकडे जाते. खोऱ्याचा खालचा भाग समुद्रसपाटीपेक्षाही खोल आहे. एके काळी तेथे मोठे सरोवर होते व त्याच्या तळाशी साठलेला गाळ हीच आजची शेतजमीन होय.

या प्रदेशातील मूळचे रहिवासी काहुइला लोक. त्यांनी वाळूत उतरत्या वाटा खोदून पाण्यापर्यंत पोहोचणाऱ्या विहिरी केल्या होत्या. महाराष्ट्रातील पायऱ्यांच्या बारवांची आठवण व्हावी अशीच ती रचना होती. पुढे १८७० नंतरच्या दशकात खोऱ्यातून लोहमार्ग गेला. इंजिनांसाठी पाणी हवे म्हणून खोल विहिरी पाडण्यात आल्या, तेव्हा काही ठिकाणी पाणी आपल्या दाबानेच वर उसळून आले. या पाण्याच्या भरवशावर शेतकरी वस्तीस आले. भाजीपाला, कलिंगडे व लसूणघास अशी पिके त्यांनी घेतली. परंतु एवढ्या प्रखर उन्हाला आणि काही ठिकाणच्या खारवट जमिनीला मानवेल असे भरवशाचे फळझाड त्यांच्यापाशी नव्हते.

खजुराचे पाय पाण्यात व डोके आगीत असावे, अशी अरब लोकांत जुनी म्हण आहे. तिचा आशय शास्त्राला धरूनच आहे. हे झाड कोरडी, अति उष्ण हवा सोसते, इतकेच नव्हे तर फळ पिकण्यासाठी त्याला ती आवश्यकच असते. मात्र मुळांशी पाणी भरपूर लागते. खजूर हे वाळवंटात होणारे बागायती पीक आहे, कोरडवाहू नव्हे.

बियांमुळे झालेली फसगत

खजुराची बी कॅलिफोर्नियात पूर्वीच पोहोचली होती. अठराव्या शतकात स्पॅनिश धर्मोपदेशकांनी आपल्या मठांच्या आवारात बिया लावून झाडे वाढविली. झाडे उंच झाली, शोभिवंत दिसू लागली. पण समुद्रकिनाऱ्याच्या थंड हवेत त्यांना धड फळ येईना. नंतर आतल्या उष्ण प्रदेशातही काही लोकांनी बाजारातील खजुराच्या बिया पेरून पाहिल्या. तेथे काही झाडांना फळ आले, परंतु त्यावर धंदा उभा राहू शकला नाही.

याची कारणे दोन. पहिले असे की, खजुरात पपईप्रमाणे नर झाड वेगळे व मादी झाड वेगळे असते. बियांपासून केलेल्या लागवडीत जवळजवळ निम्मी झाडे नर निघतात आणि ती फळ देत नाहीत. झाडाला पहिला फुलोरा येईपर्यंत हा भेद ओळखता येत नाही व तोवर कित्येक वर्षे निघून गेलेली असतात. दुसरे कारण असे की, उरलेल्या मादी झाडांपैकी कोणतेही दोन सारखे फळ देत नाहीत. आंब्याच्या कोयीपासून जसा मूळचा हापूस हमखास मिळत नाही, तसाच उत्तम खजुराच्या बीपासून तोच खजूर मिळत नाही. एकाचे फळ मोठे तर दुसऱ्याचे केवळ साल व आठळी. एकाचे लवकर पिकते तर दुसऱ्याचे पिकतच नाही. असा मिसळ माल बाजारात एका भावाने विकता येत नाही.

जुन्या खजूरदेशांतील शेतकऱ्यांना याचा उपाय फार पूर्वीपासून ठाऊक होता. खजुराच्या तरुण झाडाच्या बुंध्याशी, केळीला येतात तसे मुनवे फुटतात. हे मुनवे अलग करून लावले की मातृवृक्षाचीच जात तंतोतंत मिळते. मादीचा मुनवा मादीच होतो. अडचण एवढीच की मुनवे मर्यादित असतात. एक झाड आपल्या आयुष्यात, तेही पहिल्या काही वर्षांतच, साधारण दहा ते वीस मुनवे देते. म्हणून बाग वाढविण्याचा वेग या मुनव्यांच्या संख्येवरच अवलंबून राहतो.

उंटांवरून आलेले मुनवे

अमेरिकेच्या कृषी खात्याने १८९० मध्ये इजिप्त, अल्जीरिया इत्यादी देशांतून मुनवे मागवून पाहिले. ते पाठविणाऱ्या माणसांना जातींची पारख नव्हती. झाडे मोठी झाल्यावर आढळले की, त्यांतील पुष्कळशी बियांपासून वाढलेली, हलक्या प्रतीची किंवा नर होती. पैसा गेला त्याहून अधिक हानी वर्षांची झाली. शिवाय या मालाबरोबर एक शत्रूही देशात शिरला होता. त्याचा वृत्तांत पुढे येईल.

या अनुभवानंतर खात्याने जाणत्या माणसांना प्रत्यक्ष बागांत पाठविण्याचे ठरविले. वॉल्टर टी. स्विंगल हे तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ अल्जीरियाच्या वाळवंटात गेले. तेथील मरुद्यानांत राहून त्यांनी शेतकऱ्यांच्या पद्धती पाहिल्या, जाती समजून घेतल्या आणि १९०० मध्ये सुमारे चारशे मुनवे स्वतःच्या देखरेखीखाली निवडून काढविले. ते उंटांच्या पाठीवरून बिस्क्रा येथील रेल्वेपर्यंत, तेथून जहाजाने अमेरिकेत आणि पुन्हा रेल्वेने ॲरिझोना राज्यातील टेंपी या गावी नेण्यात आले. मुळाशी ओल राखून नीट बांधलेले हे मुनवे इतका प्रवास करूनही मोठ्या संख्येने जगले. डेव्हिड फेअरचाइल्ड यांनी १९०२ मध्ये इराणच्या आखाताकडील प्रदेशात जाऊन तेथील जातीही मिळविल्या. अशा रीतीने माहेरच्या अनेक जाती एकत्र आणून, कोणती कोठे मानवते हे पाहण्याची सोय झाली.

एक वाण, दोन गावे

स्विंगल यांनी आणलेल्या जातींत डेगलेट नूर ही सर्वांत मोलाची होती. फळ अर्धपारदर्शक, मधाच्या रंगाचे, चवीला मधुर आणि वाहतुकीस टिकाऊ. युरोपच्या बाजारात तिची ख्याती होती. परंतु ही जात उशिरा पिकणारी आहे. तिला दीर्घकाळ कडक ऊन लागते व फळ पिकत असताना हवा कोरडी असावी लागते.

टेंपी येथे उन्हाळा कडकच असतो, तरीही या जातीने तेथे समाधान दिले नाही. तिच्या फळाला पुरेल इतकी उष्णता सर्व वर्षी मिळेना आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धातील पावसाने व दमट हवेने फळ बिघडे. तेच डेगलेट नूर कोचेला खोऱ्यात मात्र उत्तम पिकू लागले. नकाशावर पाहता दोन्ही ठिकाणे वाळवंटातच आहेत, तथापि एका जातीच्या दृष्टीने त्यांच्यात यशापयशाएवढे अंतर होते. स्विंगल यांनी १९०४ मध्ये खजुरावर जी विस्तृत पुस्तिका लिहिली, तीत निरनिराळ्या ठिकाणच्या उष्णतेच्या नोंदींची तुलना करून कोचेला खोरे ज्यात मोडते त्या सॉल्टन सखल प्रदेशाची शिफारस केली होती. वाळवंट म्हणजे सारे सारखेच, असे मानून लागवडीचा प्रसार केला असता तर किती शेतकरी फसले असते, हे यावरून समजून येईल.

सरकारी प्रयोगबाग व पहिले बागायतदार

त्याच १९०४ साली खोऱ्यातील मेक्का या गावी सरकारी प्रयोगबाग सुरू झाली आणि १९०७ मध्ये इंडिओ येथे कायमची खजूरबाग उभी राहिली. तत्पूर्वीच, १९०३ मध्ये, बर्नार्ड जॉन्सन या बागायतदाराने मेक्काजवळ अल्जीरियातील डेगलेट नूरचे मुनवे लावून खाजगी लागवडीचा ओनामा केला होता. सरकारी बागेतील झाडांना आलेले फळ शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले, चाखले, आणि मग मुनव्यांची मागणी एकदम वाढली.

ही मागणी पुरी करण्यासाठी खाजगी रोपवाटिकांनी परदेशी माणसे धाडली. त्यांत पॉल पोपेनो या तरुणाची कामगिरी विशेष मोठी. त्यांनी अल्जीरिया व इराक या देशांतून १९१२-१३ च्या सुमारास सुमारे १६,००० मुनवे पाठविले आणि १९१३ मध्ये जुन्या व नव्या जगातील खजूर लागवडीवर ग्रंथही प्रसिद्ध केला. प्रत्येक मुनवा कित्येक पौंड वजनाचा, पाने छाटलेला, गुंडाळलेला. वाटेत सुकला तरी मरणार व कुजला तरी मरणार. अशा मालाची समुद्रापलीकडून ने-आण करणे हे धाडसाचे काम होते.

मुनवा जमिनीत लावल्यानंतरही बागायतदाराची परीक्षा संपत नसे. नव्या मुनव्याला आरंभी जमीन सतत ओली लागे. वाऱ्याने उडणारी तापलेली वाळू आणि हिवाळ्यातील एखाद्या रात्रीचे हिमतुषार यांपासून त्याला झाकून सांभाळावे लागे. पहिले थोडेसे फळ चार-पाच वर्षांनी दिसे व भरघोस उत्पन्न यावयास त्याच्या दुप्पट काळ जाई. झाडे ३० फूट अंतराने लावीत, म्हणजे एकरी सुमारे ४८ झाडे बसत. मधल्या मोकळ्या जागेत लसूणघास, भाजीपाला किंवा पपनसाच्या जातीची फळझाडे घेऊन शेतकरी ती वर्षे काढीत. ज्यांनी ही मधली मिळकत जोडली नाही व सारा पैसा खजुरातच गुंतविला, त्यांना वाट पाहणे कठीण गेले.

हातांनी करावयाचे परागण

खजुरात नर व मादी झाडे वेगळी असल्याने आणि व्यापारी बागेत नर झाडे मोजकीच ठेवीत असल्याने वाऱ्यावर विसंबून चालत नाही. साधारणतः ४० ते ५० मादी झाडांस एक चांगला नर पुरतो. वसंताच्या तोंडी मादी झाडाची पोय उकलली की, नर फुलोऱ्याच्या काही काड्या तिच्यात खोचून ती सैल बांधतात. हे काम पोय उकलल्यापासून थोड्याच दिवसांत झाले पाहिजे. सर्व पोयी एकाच वेळी उकलत नसल्याने एकाच झाडावर अनेक वेळा चढावे लागते. हे अरबी शेतकऱ्यांचे प्राचीन तंत्र. कोचेलातील बागायतदारांनी ते जसेच्या तसे उचलले.

इंडिओच्या केंद्रातील रॉय निक्सन यांनी पुढे एक उपयुक्त गोष्ट प्रयोगाने सिद्ध केली. एकाच मादी झाडाच्या वेगवेगळ्या पोयींना वेगवेगळ्या नरांचा पराग दिला, तर त्याच हंगामातील फळाच्या आकारात व पिकण्याच्या काळात फरक पडतो. स्विंगल यांनी १९२८ मध्ये या परिणामाला मेटाझेनिया असे नाव दिले. त्यामुळे नर झाडही निवडूनच ठेवावे लागते, हे बागायतदारांना उमगले. तोवर कोणताही नर चालतो अशीच समजूत होती.

वर्षभराचे इतर कामही थोडे नसते. झावळ्यांच्या देठांवरील अणकुचीदार काटे परागणापूर्वी छाटावे लागतात. फळधारणा झाल्यावर घड विरळ करावे लागतात, नाही तर फळ बारीक राहते आणि पुढील वर्षी झाड फुलोरा कमी देते. जड झालेले घड झावळ्यांच्या देठांस बांधून आधार द्यावा लागतो. उन्हाळ्याच्या अखेरीस क्वचित येणाऱ्या पावसाने फळ फुटू वा आंबू नये म्हणून घडांवर जाड कागदाची टोपणे चढवितात. डेगलेट नूरची सर्व फळे एकदम पिकत नसल्याने तोडणी अनेक फेऱ्यांत करावी लागते. ही कामे उंच शिड्यांवरून करणारे कुशल कामगार तेथे पाल्मेरो या नावाने ओळखले जातात. त्यांत मेक्सिकोतून आलेल्या मजुरांचा भरणा मोठा होता. कोकणातील नारळीच्या बागेत पाडेल्याचे जे महत्त्व, तेच या बागांत त्यांचे. त्यांच्या हातांशिवाय एकाही झाडाचे फळ बाजारात गेले नसते.

खवले कीड : स्वस्त रोपाची महाग किंमत

१८९० मध्ये आलेल्या मुनव्यांबरोबर जो शत्रू देशात शिरला, तो म्हणजे पार्लाटोरिया ही खवले कीड. अगदी बारीक, पांढुरक्या-करड्या खवल्यांखाली दडलेली ही कीड झावळ्यांतील रस शोषून घेते. तिची दाटी झाली की पाने निस्तेज होतात, फळावर डाग पडतात व त्याची प्रत खालावते. झावळीच्या देठाचा तळ तंतुमय आवरणात झाकलेला असतो. तेथे ही कीड सुरक्षित राहते व औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. मुनव्यांची खरेदी-विक्री जसजशी वाढली, तसतशी कीडही एका बागेतून दुसऱ्या बागेत गेली.

उपाय कठोर होता. ॲरिझोनात आर. एच. फोर्ब्स यांनी झाडाच्या साऱ्या झावळ्या छाटून उरलेला भाग पेट्रोलच्या जोरदार ज्योतीने भाजण्याची पद्धत वापरून पाहिली. खजुराचा वाढता कोंब गाभ्यात खोलवर असल्याने झाड मरत नाही, पुन्हा पालवते. मात्र मधल्या काळातील फळ बुडते. आपल्या हातांनी वाढविलेली बाग अशी भाजून काढण्यास संमती देणे कोणत्या शेतकऱ्याला सोपे वाटेल? तरीही एकाने नकार दिला तर शेजारच्या दहा बागा धोक्यात येतात, ही गोष्ट हळूहळू सर्वांना पटली.

परदेशी खजूररोपांच्या आयातीवर १९१३ पासून सरकारने निर्बंध घातले. देशातही निरीक्षक बागोबाग जाऊन झाडन्‌झाड तपासू लागले. शोभेसाठी अंगणात लावलेले खजूरही तपासणीतून सुटले नाहीत. ही मोहीम वर्षानुवर्षे चालली आणि १९३६ मध्ये या किडीचे अमेरिकेतून समूळ उच्चाटन झाले. एखादी रुजलेली कीड अशी पूर्णपणे नाहीशी करता येणे ही कृषिइतिहासातील विरळा गोष्ट होय. ती साधली, कारण सरकार व बागायतदार दोघांनीही एकही झाड अपवाद म्हणून सोडले नाही. मात्र आरंभी आणलेले मुनवे वेळीच नीट तपासून निर्जंतुक केले असते तर जवळजवळ अर्धशतकाचा हा खर्च वाचला असता, हेही तितकेच खरे.

मेजूलचे अकरा मुनवे

हा धडा किती पक्का बसला होता, ते १९२७ च्या एका घटनेवरून दिसते. मोरोक्को देशात त्या काळी बायूद या रोगाने हाहाकार उडविला होता. मातीतील बुरशीमुळे होणारा हा मर रोग मुळांतून शिरतो, झावळ्या एकामागून एक पांढऱ्या पडतात व झाड मरते. त्याने तेथील लक्षावधी झाडांचा बळी घेतला. मेजूल ही मोठ्या, मऊ व गोड फळाची नामांकित जातही त्यात नष्ट होत चालली होती.

रोगाच्या पाहणीसाठी गेलेल्या स्विंगल यांना बू देनिब या मरुद्यानात मेजूलचे एक निरोगी झाड आढळले व त्याचे ११ मुनवे मिळाले. ते घेऊन ते सरळ कोचेलात आले असते तर चार-पाच वर्षांत फळ दिसले असते. पण मुनव्यांत रोग सुप्त असल्यास सारे खोरे धोक्यात आले असते. म्हणून हे मुनवे नेवाडा राज्याच्या दक्षिण टोकास, जेथे आसपास खजुराचे एकही झाड नव्हते अशा एकांत जागी लावण्यात आले. एका आदिवासी कुटुंबाकडे त्यांची राखण सोपविण्यात आली. कुत्र्यांनी उकरल्यामुळे दोन मुनवे गेले, नऊ जगले. कित्येक वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवून, रोगाचा मागमूस नाही अशी खात्री पटल्यावर, १९३० च्या दशकाच्या मध्यास ती झाडे आपल्या मुनव्यांसह इंडिओच्या केंद्रात आणण्यात आली. १९४४ पासून त्यांची संतती बागायतदारांच्या हाती पडू लागली. अमेरिकेत पुढे बहरलेल्या मेजूलच्या बागा या नऊ झाडांपासून वाढल्या. ज्यांनी इतकी वर्षे धीर धरला त्यांच्या हातून एक उत्तम जात नाशापासून वाचली व रोगही देशाबाहेर राहिला.

एकत्र बसून केलेला विचार

खोऱ्यातील बागायतदारांनी फळ गोळा करणे, प्रतवारी व विक्री यांसाठी सहकारी संघ स्थापन केले. त्याहूनही अनुकरणीय गोष्ट म्हणजे १९२४ पासून भरू लागलेली खजूर बागायतदारांची वार्षिक परिषद. तीत शास्त्रज्ञ आपले प्रयोग मांडीत व शेतकरी आपले अनुभव सांगत. किती पाणी दिले, किती पोयी ठेवल्या, घड किती विरळ केले व किती पौंड फळ आले, अशा नोंदी तेथे उघडपणे सांगितल्या जात आणि दरवर्षी त्यांचा अहवाल छापला जाई. एका बागेतील चूक दुसऱ्या बागेत पुन्हा होऊ नये, हा त्यामागचा हेतू होता.

पाण्याचा प्रश्नही त्यांना सुटला नाही. बागा वाढल्या तशी विहिरींची पातळी खाली गेली. अखेर कोलोरॅडो नदीचे पाणी आणणारा कालवा काढण्यात आला व १९४९ मध्ये त्याचे पाणी खोऱ्यात खेळू लागले. परंतु नदीच्या पाण्याबरोबर क्षारही येतात. खजूर क्षार पुष्कळ सोसतो, तरी त्यालाही मर्यादा आहे. म्हणून अधिक पाणी देऊन क्षार खाली धुऊन नेणे व ते पाणी चरांतून बाहेर काढणे ही व्यवस्था करावी लागली. पाणी आले, पण निचरा नाही, तर जमीन चोपण होते, हा अनुभव महाराष्ट्रातील कालव्याखालच्या शेतकऱ्यांना नवा नाही.

भारतातील शेतकऱ्यांसाठी बोध

भारतात कच्छमध्ये खजुराची लागवड जुनी आहे. तेथील बहुतेक जुनी झाडे बियांपासून झालेली असल्याने प्रत्येकाचे फळ निराळे, ही कोचेलातील जुनी अडचण तेथेही आढळते. शिवाय पश्चिम भारतात फळ पिकण्याच्या ऐन वेळी, जून-जुलैत, पावसाळा सुरू होतो. झाडावर पूर्ण पिकू दिलेले फळ पावसात सडते. म्हणून कच्छचे शेतकरी पिवळ्या किंवा लाल रंगाचे, कडक अवस्थेतील फळ उतरवून ताजेच विकतात. या अवस्थेला डोका म्हणतात. बार्ही या जातीचे फळ या अवस्थेतही तुरट न लागता गोड लागते, त्यामुळे तिचा प्रसार अलीकडे झाला आहे. उतिसंवर्धनाने तयार केलेली रोपे मिळू लागल्याने मुनव्यांच्या तुटवड्याची जुनी अडचणही बरीच दूर झाली आहे. महाराष्ट्राच्या कमी पावसाच्या भागातही काही शेतकऱ्यांनी अशी लागवड केली आहे.

आपल्या शिवारात शिंदीची झाडे आपोआप वाढतात, तेव्हा खजूरही सहज येईल, असे काहींना वाटते. शिंदी ही खजुराची भावंड असली तरी हा तर्क फसवा आहे. झाड वाढणे निराळे आणि बाजारात जाण्याजोगे फळ हाती येणे निराळे. कॅलिफोर्नियातील मठांच्या आवारातही झाडे वाढलीच होती.

म्हणून खजुराविषयी विचारणा करणाऱ्या शेतकऱ्याशी बोलताना ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने पुढील प्रश्न त्याच्यापुढे ठेवावेत. रोप कोणत्या जातीचे आहे व ते कोठे तयार झाले, याची लेखी पावती विक्रेता देतो काय? त्या जातीचे फळ गावाच्या पंचक्रोशीत मृगाच्या पावसापूर्वी उतरविण्याजोगे होते काय, आणि ते कोणी प्रत्यक्ष पाहिले आहे काय? बागेत नर झाडे आहेत काय, किंवा पराग कोठून आणणार? परागणाच्या दिवसांत झाडावर चढणारा माणूस मिळेल काय? उन्हाळ्यात पाणी पुरेल काय आणि त्याचा निचरा होईल काय? फळ हाती येईपर्यंतची वर्षे कोणत्या आंतरपिकावर काढणार? उतरविलेला ताजा डोका फार दिवस टिकत नाही. तो कोणत्या बाजारात व किती दिवसांत पोहोचेल?

यांपैकी एखाद्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर नसेल, तर प्रथम दोन-चार झाडे बांधावर लावून अनुभव घेणे हिताचे. कोचेला खोऱ्यातील सधन बागायतदारांनीही सरकारी प्रयोगबागेतील फळ पाहिल्यावरच मोठी लागवड केली आणि तरीही त्यांना खवले किडीचा फटका बसलाच. जे शेतकरी कर्ज काढून बाग लावतात, त्यांनी तर रोप जमिनीत जाण्यापूर्वीच सारी चौकशी पुरी करावी. रोप विकणाऱ्याचा व्यवहार एका दिवसात संपतो, लावणाऱ्याचा मात्र त्या दिवशी सुरू होतो, हे कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांच्या मनावर ठसवावे.